नाडीचा ठोका चुकतो तेव्हा : डॉ. जेम्स मॅकेन्झी यांची गोष्ट



आजचा पाठ एका डॉक्टरांच्या चरित्राचा आहे. पण सुरुवात आपल्या शाळेच्या मैदानापासून करू या.

आमच्या सहावीच्या वर्गात एक मुलगी होती. खो-खोत चपळ, पळण्यात पहिली. मध्येच तिला ताप आला. कुणीतरी तिची नाडी धरली आणि ठोके मागेपुढे पडतात असं सांगितलं. झालं! घरच्यांनी त्या दिवसापासून तिचं पळणं बंद केलं. खो-खोच्या तासाला ती झाडाखाली बसून बाकीच्यांच्या चपला राखायची. जवळजवळ एक वर्ष गेलं. शेवटी तिच्या मामांनी तिला परभणीला नेऊन हृदयतज्ज्ञांना दाखवलं, ईसीजी काढला. निदान निघालं ते असं की मुलगी ठणठणीत आहे. श्वास आत घेताना ठोके जरा जलद आणि सोडताना जरा सावकाश पडतात, आणि या वयात हे अगदी नैसर्गिक आहे.

एक वर्ष वाया गेलं ते आजारामुळे नव्हे, आजाराच्या भीतीमुळे. आता प्रश्न असा, की कुठला चुकलेला ठोका निरुपद्रवी आणि कुठला धोक्याचा, हे मुळात कुणी शोधून काढलं? कुठल्या मोठ्या प्रयोगशाळेत शोधलं असेल असं आपल्याला वाटतं. पण नाही. याचा पाया घातला गेला एका गिरणी-गावातल्या साध्या दवाखान्यात. त्या डॉक्टरांचं नाव सर जेम्स मॅकेन्झी. आपल्या सर्वांसाठी, विशेषतः शिक्षकांसाठी, त्यांच्या आयुष्यात घेण्यासारखं पुष्कळ आहे.

पाठांतरात कच्चा मुलगा

जेम्सचा जन्म १२ एप्रिल १८५३ रोजी स्कॉटलंडमधल्या स्कोन या गावाजवळ झाला. घर शेतकऱ्याचं. शेतीची कामं, गुरं, पाऊस-पाण्याची काळजी, सगळं आपल्याकडच्यासारखंच. हवा तेवढी थंड!

शाळेत जेम्स काही हुशार मुलांत मोडत नव्हता. त्या काळी शाळा म्हणजे पाठांतर. लॅटिनची रूपं घोका, सनावळ्या घोका आणि गुरुजींसमोर धडाधडा म्हणून दाखवा. जेम्सला ते जमायचं नाही. एखादी गोष्ट अशी का आहे हे कळल्याशिवाय ती त्याच्या डोक्यात राहायचीच नाही. आणि कारण सांगत बसायला तिथे कुणाला वेळ नव्हता. अशा मुलावर कोणता शिक्का बसतो, हे तुम्हाआम्हाला वेगळं सांगायला नको.

पंधराव्या वर्षी त्याने शाळा सोडली आणि पर्थ शहरातल्या एका औषधाच्या दुकानात उमेदवारी धरली. पुड्या बांधणं, औषधं मोजणं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचणं हे काम. तिथे काही वर्षं काढल्यावर त्याला वाटू लागलं की आपणच डॉक्टर व्हावं. वय एकविशीला आलेलं असताना तो एडिंबराच्या विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणाला गेला. १८७८ साली पदवी मिळाली. तिथेही पाठांतरवाल्या मुलांची चलती होतीच. पण रोग्याजवळ बसून, बघून, हात लावून शिकायची वेळ आली तेव्हा या मुलाला सूर सापडला.

पालकहो, आपल्या मुलाला पाढे पाठ होत नाहीत म्हणून तुम्ही चिंतेत असाल, तर ही गोष्ट लक्षात असू द्या. पाढे पाठ हवेतच, त्याबद्दल वाद नाही. पण पाठांतर कमी म्हणजे बुद्धी कमी, हा हिशेब मात्र चुकीचा आहे.

कापसाच्या गावातला दवाखाना

१८७९ साली डॉ. मॅकेन्झी इंग्लंडच्या लँकेशायर भागातल्या बर्नली गावी आले आणि तिथल्या दोन डॉक्टरांच्या दवाखान्यात भागीदार म्हणून रुजू झाले. बर्नली म्हणजे कोळशाच्या खाणी आणि सुती कापडाच्या गिरण्यांचं गाव. आपण मानवत-सेलूच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग बघतो. त्या काळी कापसाचं सूत कातून कापड विणणाऱ्या गिरण्यांचं माहेरघर म्हणजे हा लँकेशायर भाग. तिथलं कापड तेव्हा आपल्या देशातल्या बाजारात भरलेलं असायचं.

गिरणी कामगारांच्या वस्तीतला डॉक्टर काय करायचा? सगळंच. बाळंतपण, ताप, खोकला, मोडलेला हात. पहाटे हाक आली तरी जायचं आणि रात्री दोनला आली तरी जायचं. संशोधन वगैरे गोष्टी लंडनच्या मोठ्या इस्पितळांतल्या प्राध्यापकांनी करायच्या, अशीच सगळ्यांची समजूत होती.

मग एक प्रसंग घडला. मॅकेन्झींच्या देखरेखीखाली एक तरुण बाई बाळंत होत होती. तिला हृदयाचा विकार होता. ती बाळंतपणातच गेली. मॅकेन्झींच्या मनाला हे फार लागलं. आपल्याला आधी कळायला हवं होतं का? कळलं असतं तर काही करता आलं असतं का? त्यांनी पुस्तकं चाळली, जाणकारांना विचारलं. त्यांच्या ध्यानात आलं की याचं उत्तर कुणालाच नीट माहीत नाही. कुणाचं हृदय बाळंतपणाचा ताण सोसेल आणि कुणाचं नाही, हे सांगायची रीतच कुणाजवळ नव्हती. नाडी चुकते म्हटलं की काही डॉक्टर घाबरवून सोडायचे, काही दुर्लक्ष करायचे. दोन्ही अंदाजपंचेच.

इथे एक माणूस हळहळून पुढच्या रोग्याकडे वळला असता. मॅकेन्झींनी वही काढली.

तीच माणसं, तीच वही, वीस वर्षं

त्यांची पद्धत ऐकायला अगदी साधी वाटते. नाडी अनियमित असलेला प्रत्येक रोगी नोंदवायचा. त्याची नाडी कशी आहे, त्याला त्रास काय होतो, तो काम किती करू शकतो हे लिहायचं. आणि मग वाट बघायची! एक वर्ष, पाच वर्षं, दहा वर्षं. त्या माणसाचं पुढे काय झालं, हे पुन्हा त्याच नोंदीत लिहायचं.

हे काम मोठ्या इस्पितळात होण्यासारखं नव्हतं, कारण तिथे रोगी येतो, बरा होतो किंवा दगावतो आणि नजरेआड जातो. गावातल्या डॉक्टरला मात्र तीच माणसं वर्षानुवर्षं भेटतात. बाप, मुलगा, नातू, सगळे ओळखीचे. ज्याला सगळे कमीपणा समजत होते, तीच गावातल्या डॉक्टरची खरी ताकद आहे हे मॅकेन्झींनी ओळखलं.

पण नुसत्या बोटाने नाडी बघून भागेना. तेव्हा मनगटावर ठेवून नाडीचा आलेख काढणारं छोटं उपकरण मिळायचं. काजळी धरलेल्या कागदावर त्याची सुई रेघ ओढायची. मॅकेन्झींनी त्यात भर घातली. मनगटाबरोबर मानेतल्या शिरेचेही हेलकावे त्याच कागदावर उतरतील अशी सोय त्यांनी केली. या यंत्राला पॉलिग्राफ म्हणत. पुढे बर्नलीजवळच्या पॅडिहॅम गावातले घड्याळजी सेबॅस्टियन शॉ यांनी त्यांना याचं सुधारलेलं यंत्र बनवून दिलं. काजळी गेली, शाई आली. घड्याळाच्या यंत्रणेवर कागदाची लांब पट्टी सरकायची आणि सेकंदाच्या पाचव्या भागाच्या खुणाही आपोआप पडायच्या. बघा, हृदयाच्या शास्त्रात एका गावातल्या घड्याळ दुरुस्त करणाऱ्या कारागिराचाही हात आहे!

आता मान आणि मनगट दोन्ही कशाला, ते समजून घेऊ. मुलांना शिकवताना हे उपयोगी पडेल. हृदयाला चार कप्पे असतात. वरचे दोन अलिंद, खालचे दोन निलय. आधी अलिंद आकुंचन पावतात आणि रक्त खाली ढकलतात, मग निलय ते जोराने बाहेर फेकतात. मनगटाच्या नाडीत आपल्याला कळतं ते निलयाचं काम. अलिंदाच्या कामाची लाट मात्र मानेतल्या शिरेत दिसते. दोन्ही रेघा एकाखाली एक आल्या की गडबड वरच्या मजल्यावर आहे की खालच्या, हे ओळखता येतं. एवढ्या साध्या युक्तीने अनेक वर्षांचं कोडं सुटायला लागलं.

चुकणारे ठोके, पण सगळे सारखे नव्हेत

हजारो नोंदींनंतर मॅकेन्झींना दिसलं की अनियमित नाडी हा काही एकच रोग नाही. त्यात वेगवेगळे प्रकार आहेत.

१) मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये दिसणारा प्रकार. श्वासाबरोबर ठोके जलद-सावकाश होतात. अशी मुलं पुढे धडधाकट राहिली. हा रोगच नव्हे.

२) मोठ्या माणसांत दिसणारा प्रकार. एखादा ठोका वेळेआधीच पडतो, मग थोडी विश्रांती होते आणि पुढचा ठोका जोरात लागतो. माणसाला वाटतं काळीज धस्स झालं. मॅकेन्झींच्या नोंदींत असे कित्येक लोक वर्षानुवर्षं गिरणीत कष्ट करत होते, त्यांना काही झालं नव्हतं. हृदयात दुसरा काही दोष नसेल तर हा प्रकार बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो.

३) धोक्याचा प्रकार. इथे नाडीला कसला तालच उरत नाही. एक ठोका मोठा, दुसरा बारीक, तिसरा लांब, चौथा लगेच. सगळा गोंधळ!

या तिसऱ्या प्रकाराचा धागा त्यांना एका बाईच्या नोंदींत सापडला. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने तिच्या हृदयाची झडप आखडली होती. ती १८८० पासून त्यांच्या पाहण्यात होती. सुरुवातीला तिच्या मानेतल्या शिरेत अलिंदाची लाट स्वच्छ दिसायची. पुढे १८९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस एक दिवस नाडी कायमची बेताल झाली, आणि मानेतली ती लाट नाहीशी झाली. आधी होती, आता नाही! पंधरा-सतरा वर्षांच्या नोंदी हाताशी नसत्या तर हा फरक कुणाच्या लक्षात आला असता?

१९०२ साली त्यांनी नाडीच्या अभ्यासावर ग्रंथ प्रसिद्ध केला. रोजचा दवाखाना सांभाळून, रात्री जागून लिहिलेला.

चूक मान्य करणारा संशोधक

हा भाग मुलांना अवश्य सांगा.

अलिंदाची लाट का नाहीशी झाली? मॅकेन्झींना वाटलं, अलिंद लुळं पडलं असावं. नंतर त्यांनी ते मत बदललं. त्यांना वाटू लागलं की ठोका नेहमीच्या जागेऐवजी अलिंद आणि निलय यांच्या मधल्या गाठीतून सुरू होत असावा. दोन्ही मतं चुकीची निघाली.

दरम्यान हॉलंडमध्ये लायडन इथे विलेम आइंटहोवेन यांनी हृदयातल्या विजेचा आलेख काढणारं यंत्र उभं केलं होतं. १९०३ च्या सुमाराचं ते यंत्र जवळजवळ २७० किलो वजनाचं होतं. ते चालवायला पाच माणसं लागायची आणि रोग्याला हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यात बुडवून बसावं लागायचं. आज तालुक्याच्या दवाखान्यात आपण जो ईसीजी काढतो, त्याचा हा पणजोबा. त्याबद्दल आइंटहोवेन यांना १९२४ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

मॅकेन्झींनी थॉमस लुईस नावाच्या एका तरुण संशोधकाला अनियमित ठोक्यांचा अभ्यास करायला सुचवलं होतं. १९०९ साली लुईस यांनी लंडनमध्ये आणि रोथबर्गर व विंटरबर्ग यांनी व्हिएन्नामध्ये या विजेच्या आलेखावरून दाखवून दिलं की अलिंद लुळं पडलेलं नसतं. ते फडफडत असतं. मिनिटाला तीनशे-चारशे किंवा त्याहूनही जास्त वेळा, नुसतं थरथरतं. आकुंचन पावून रक्त ढकलणं त्याला जमत नाही. म्हणून लाट दिसत नाही, आणि खालच्या निलयाला वेळी-अवेळी इशारे मिळून नाडी बेताल होते.

आपल्याच प्रोत्साहनाने पुढे आलेल्या तरुणाने आपलं म्हणणं खोडून काढलं, तेही आपल्याला न वापरता येणाऱ्या नव्या यंत्राने. मॅकेन्झींनी ते मान्य केलं. हृदयाच्या संशोधनासाठी १९०९ साली ‘हार्ट’ नावाचं नियतकालिक निघालं, त्याच्या मागेही हीच गुरु-शिष्याची जोडी होती. यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. मॅकेन्झींचं स्पष्टीकरण चुकलं, पण निरीक्षण चुकलं नाही. लाट नाहीशी होते हे खरंच होतं. नोंद प्रामाणिक असली की उद्याचा माणूस तिच्यावर पुढचा मजला चढवू शकतो. प्रयोगवहीत उत्तर जुळवून लिहिणाऱ्या मुलांना हे सांगायला हवं ना?

निदानापासून उपचारापर्यंत

नुसतं ओळखून काय उपयोग, इलाज काय? डिजिटालिस या वनस्पतीच्या पानांचं औषध इंग्लंडमध्ये जुनंच होतं. विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली त्यावर पुस्तक लिहिलं होतं. पण ते कुणाला लागू पडायचं, कुणाला नाही, आणि जास्त झालं तर विषच. मॅकेन्झींच्या नोंदींतून दिसलं की ज्यांचं अलिंद फडफडतंय आणि ठोके भलतेच जलद पडतायत, त्यांना हे औषध सर्वात जास्त उपयोगी पडतं. अलिंदाची फडफड त्याने थांबत नाही, पण खाली जाणारे इशारे कमी होतात, निलय सावकाश चालतो आणि रोग्याला दम लागणं कमी होतं. औषध तेच, पण आता कुणाला द्यायचं हे कळलं.

या बेताल नाडीचा आणखी एक धोका पुढे कळला. फडफडणाऱ्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते. ती मेंदूत गेली की पक्षाघात. म्हणून आज अशा रोग्यांपैकी अनेकांना डॉक्टर रक्त पातळ ठेवण्याचं औषध देतात.

आपल्या महाराष्ट्रातही रोग्यांच्या दीर्घकाळच्या निरीक्षणातून असंच एक मोठं काम झालं. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रोग्यांना सर्पगंधेचं औषध देऊन त्याचे परिणाम वर्षानुवर्षं टिपले आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले. जगाचं लक्ष आपल्या या वनस्पतीकडे वळलं, आणि १९५७ साली त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. याच सर्पगंधेतून सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी दिल्लीत १९३१ साली एक द्रव्य वेगळं काढलं होतं. हकीम अजमल खान यांच्या नावावरून त्याला अजमलिन म्हणतात. ते पुढे बिघडलेल्या ठोक्यांवर वापरलं गेलं, आणि हृदयाच्या तालाचा एक लपलेला आनुवंशिक आजार उघड करण्याच्या चाचणीत काही देशांतले डॉक्टर आजही ते वापरतात. (ही द्रव्यं तीव्र असतात. घरच्या घरी सर्पगंधा घेऊन बघू नका.)

लंडन, आणि पुन्हा गावाकडे

१९०७ साली, चोपन्नाव्या वर्षी, मॅकेन्झी बर्नली सोडून लंडनला गेले. सुरुवातीला त्यांना फारसं कुणी विचारलं नाही. गिरणी-गावातला डॉक्टर तो काय शिकवणार? पण १९०८ साली हृदयरोगांवरचा त्यांचा ग्रंथ आला आणि चित्र पालटलं. देशोदेशीचे डॉक्टर शिकायला येऊ लागले. १९१५ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी त्यांना ‘सर’ किताब मिळाला.

तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं. धडधड, दम, छातीत दुखणं अशा तक्रारींमुळे हजारो सैनिकांवर हृदयरोगाचा शिक्का बसत होता. मॅकेन्झींनी आणि लुईस यांनी दाखवून दिलं की यांतल्या बहुतेकांचं हृदय चांगलं आहे. त्यांना झोपवून ठेवण्यापेक्षा हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम द्यावा. आपली खो-खोवाली मुलगी आठवली ना?

एवढी कीर्ती मिळाल्यावर कुणीही लंडनातच राहिलं असतं. मॅकेन्झी १९१८ साली लंडन सोडून स्कॉटलंडला परतले आणि पुढच्या वर्षी सेंट अँड्र्यूज या लहान गावात त्यांनी संशोधन संस्था सुरू केली. मोठ्या इस्पितळात रोग येतो तो पिकून. त्याचं बी कसं रुजतं ते गावातल्या डॉक्टरलाच दिसतं, अशी त्यांची धारणा होती. गावातल्या डॉक्टरांनी आपल्या रोग्यांच्या लहानसहान तक्रारींच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवाव्यात, हा त्या संस्थेचा हेतू. हे काम त्यांच्या हातून पूर्ण झालं नाही. त्यांची तब्येत ढासळत होती.

ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या हृदयाचा अभ्यास केला, त्यांचं स्वतःचं हृदय बऱ्याच वर्षांपासून दुखणाईत होतं. त्यांना छातीत कळा यायच्या. त्यांनी त्याही शांतपणे नोंदवल्या. २६ जानेवारी १९२५ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे मृत्यूनंतर त्यांचं हृदय तपासण्यात आलं. ते सेंट अँड्र्यूजला जतन करून ठेवलं गेलं, आणि त्यावरचा सविस्तर लेख पुढे १९३९ साली प्रसिद्ध झाला. शेवटची नोंद त्यांनी अशी दिली.

शिक्षक आणि पालकांसाठी

मॅकेन्झींनी जगाला जेवढं धोक्याचं काय ते सांगितलं, तेवढंच धोक्याचं काय नाही तेही सांगितलं. हे दुसरं काम कमी मोलाचं नाही. विनाकारण खाटेवर किंवा झाडाखाली बसवलेली कितीतरी माणसं त्यामुळे पुन्हा उठली.

पण याचा अर्थ दुर्लक्ष करा असा मुळीच नाही. पुढील गोष्टी दिसल्या तर मुलाला विलंब न करता डॉक्टरांकडे न्या :

• पळताना किंवा खेळताना शुद्ध हरपणे
• छातीत दुखणे, थोड्या श्रमाने दम लागणे, ओठ निळसर होणे
• बसल्याजागी एकाएकी खूप जलद धडधड सुरू होणे
• घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणे
• घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप येणे आणि मोठे सांधे एकामागून एक सुजणे

हा शेवटचा मुद्दा आपल्या भागासाठी फार महत्त्वाचा. हाच तो संधिवाताचा ताप, ज्याने मॅकेन्झींच्या त्या रोगी बाईच्या हृदयाची झडप आखडली होती. साधारण ५ ते १५ वर्षांच्या, म्हणजे आपल्या शाळेतल्याच मुलांना तो गाठतो. विशिष्ट जंतूंमुळे घसा दुखत असेल तर डॉक्टर वेळीच प्रतिजैविक देतात आणि हृदय वाचतं. एकदा हा ताप येऊन गेला असेल तर ठराविक दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन अनेक वर्षं घ्यावं लागतं. मूल बरं दिसतंय म्हणून ते मध्येच बंद करू नका. ऊसतोडीला किंवा मजुरीला बाहेरगावी जाणाऱ्या कुटुंबांनी दवाखान्याची चिठ्ठी सोबत न्यावी, म्हणजे खंड पडणार नाही. वर्गशिक्षकांनी एवढी आठवण जरूर करावी.

आणि डॉक्टरांनी खेळायला हरकत नाही असं सांगितलं असेल, तर मुलाला मनापासून खेळू द्या.

वर्गात करून पाहा

१) जोड्या करा. एकाने शांत बसावं, दुसऱ्याने त्याच्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून नाडी शोधावी. (अंगठ्याने बघू नये, त्याची स्वतःचीच नाडी लागते.) एक मिनिट मोजा.

२) आता बसलेल्या मुलाने पाच अंक मोजत सावकाश श्वास घ्यावा, पाच अंक मोजत सोडावा. ठोके श्वास घेताना जलद आणि सोडताना सावकाश होतात का, ते बघा. बऱ्याच मुलांमध्ये जाणवेल. मॅकेन्झींचा पहिला प्रकार तो हाच!

३) दोन मिनिटं जागेवर पळून पुन्हा मोजा. नाडी पूर्ववत व्हायला किती मिनिटं लागली ते लिहा. (आजारी मुलांना पळायला लावू नका.)

४) हीच नोंद दर महिन्याला त्याच वहीत, तारखेसह. वर्षअखेरीस स्वतःच्या नोंदींवरून आलेख काढा. गणिताचाही तास होईल.

मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसाचे किती, हे गणितही घाला. उत्तर १,०३,६८०. मुलं चकित होतात.

शेवटी एक सांगतो. गावातल्या डॉक्टरसारखेच आपणही. आपल्याला तीच मुलं रोज दिसतात, वर्षानुवर्षं दिसतात. हा नाजूक, तो ढ, ती भित्री असे शिक्के मारायला एक क्षण पुरतो. त्याऐवजी एक वही करू या. मूल कधी थकतं, कधी खुलतं, कुठला प्रश्न विचारतं, हे तारीख घालून लिहू या. पाठांतरात मागे पडलेल्या त्या स्कोनच्या मुलाबद्दल अशी एखादी नोंद कुणी ठेवली असती, तर त्याला आपली वाट सापडायला कदाचित इतकी वर्षं लागली नसती.

आमची ती मुलगी आता सातवीत आहे. खो-खोच्या संघात पुन्हा घेतलंय. चपला राखायला आता कुणी नाही, त्या झाडाखाली नुसत्याच पडलेल्या असतात.

आपल्या शाळेत नाडीचा हा उपक्रम घेतला तर अनुभव अवश्य कळवा.